एक कोड, दोन प्रणाली : स्टार्टअपसाठी मोबाइल ॲपनिर्मितीचे बदललेले गणित

जगातील जवळपास सर्व स्मार्टफोन अँड्रॉइड आणि आयओएस या दोन प्रणालींवर चालतात. या दोहोंची भाषा, साधने आणि नियम वेगवेगळे आहेत. अँड्रॉइडसाठीचे ॲप प्रामुख्याने कोटलिन किंवा जावा या भाषांत लिहिले जाते, तर आयफोनसाठीचे स्विफ्ट किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषांत. एकच सेवा दोन्हीकडे द्यायची तर तीच गोष्ट दोनदा लिहावी लागते, दोनदा तपासावी लागते आणि पुढची प्रत्येक दुरुस्तीही दोनदा करावी लागते. मोठ्या कंपन्यांना हा खर्च पेलतो. दोन-तीन प्रोग्रामरांच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्टार्टअपला तो पेलत नाही.

एकदाच कोड लिहून तो दोन्ही प्रणालींवर चालवण्याच्या पद्धतीला क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲपनिर्मिती म्हणतात. ही कल्पना दीड दशकाहून जुनी आहे. परंतु ‘असे ॲप हळू चालते’ ही तक्रार तिच्यामागे सतत राहिली. २०२३ ते २०२५ या काळात रिॲक्ट नेटिव्ह, फ्लटर आणि कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म या तिन्ही प्रमुख साधनांनी महत्त्वाचे टप्पे ओलांडले आणि सर्वसाधारण ॲपपुरती ही तक्रार बरीचशी मिटली. आता निवडीचा कस दुसऱ्याच ठिकाणी लागतो. निवडलेले साधन पाच वर्षांनी कोण सांभाळत असेल, आणि त्यावर उभारलेले ॲप सांभाळणे लहान कंपनीला झेपेल काय, हा खरा प्रश्न आहे.

बेळगोळ : एका औद्योगिक पट्ट्याचे उदाहरण

महानगरांबाहेर, जिथे अनुभवी प्रोग्रामर टिकवणे अवघड असते, तिथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कर्नाटकातील म्हैसूर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. म्हैसूर शहरालगत, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या मार्गाच्या पट्ट्यात बेळगोळ औद्योगिक वसाहत आहे. जैन तीर्थक्षेत्र श्रवणबेळगोळ आणि सीमाभागातील बेळगाव यांहून हे ठिकाण वेगळे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झालेल्या केन्स टेक्नॉलॉजी या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादक कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय येथील फूड इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. शहराच्या हेब्बाळ औद्योगिक परिसरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीचे एक संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण म्हैसूरच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमध्ये घेतले होते. बेंगळुरूबाहेर तंत्रज्ञान उद्योग वाढवण्यासाठी कर्नाटक डिजिटल इकॉनॉमी मिशनने आखलेल्या ‘बियाँड बेंगळुरू’ उपक्रमात म्हैसूर, मंगळुरू आणि हुबळी-धारवाड-बेळगाव या पट्ट्यांचा समावेश आहे.

एकीकडे इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणि दुसरीकडे संगणक प्रशिक्षण, अशा परिसरात उभ्या राहणाऱ्या नव्या कंपनीचे उत्पादन अनेकदा एखादे उपकरण आणि त्याला जोडलेले ॲप असे दुहेरी असते. समजा, अशी एक कंपनी कृषिपंपाचा वीजवापर मोजणारे उपकरण तयार करते आणि ते म्हैसूरपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत विकते. पंप बसवणाऱ्या कारागिराच्या हातात कमी किमतीचा अँड्रॉइड फोन आहे, तर वितरकाकडे आयफोन. ॲप कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांत हवे. कंपनीकडे प्रोग्रामर दोनच आहेत. क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनांची उपयुक्तता आणि त्यांच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी अशा उदाहरणातून स्पष्ट होतात.

आधीचे प्रयत्न आणि त्यांचा धडा

या क्षेत्रातील पहिले गाजलेले साधन म्हणजे फोनगॅप. वेबपान ज्या तंत्राने तयार होते त्याच तंत्राने पडदे तयार करायचे आणि ते ॲपच्या आवरणात ठेवायचे, अशी त्याची रीत होती. २०११ मध्ये अडोबीने ते साधन तयार करणारी नितोबी ही कंपनी विकत घेतली. त्याचा मुक्त-स्रोत भाग अपाचे कॉर्डोव्हा या नावाने पुढे चालू राहिला. मात्र अडोबीने २०२० मध्ये फोनगॅपमधून माघार घेतली.

वेबतंत्रावर भिस्त ठेवण्याचा फटका मोठ्या कंपन्यांनाही बसला. फेसबुकचे मोबाइल ॲप सुरुवातीला बव्हंशी एचटीएमएल-५ वर आधारित होते. ते संथ चालत असल्याने २०१२ मध्ये कंपनीने ते मूळ प्रणालीच्या भाषांत नव्याने लिहिले. एचटीएमएल-५ वर प्रमाणाबाहेर विसंबणे ही कंपनीची मोठी चूक होती, अशी कबुली मार्क झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी जाहीरपणे दिली होती.

दुसरा मार्ग झॅमरिनचा. २०११ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने सी-शार्प भाषेत लिहिलेले ॲप दोन्ही प्रणालींवर चालवण्याची सोय केली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. पुढे त्याची जागा डॉटनेट माउई या साधनाने घेतली आणि १ मे २०२४ रोजी झॅमरिनचा अधिकृत पाठिंबा संपला. ज्यांची ॲप झॅमरिनवर होती, त्यांना ती नव्या साधनावर हलवावी लागली किंवा नव्याने लिहावी लागली.

या इतिहासातून निघणारा धडा लहान कंपन्यांसाठी महत्त्वाचा आहे. साधनाच्या पालक कंपनीने दिशा बदलली की त्यावरील ॲपचे आयुष्यही तिच्याबरोबर बदलते. मूळ प्रणालीच्या भाषेत लिहिलेल्या ॲपला गूगल किंवा ॲपल यांपैकी एकाच्याच नियमांशी जुळवून घ्यावे लागते. क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲपला मात्र त्या दोघांशी आणि शिवाय साधन चालवणाऱ्या तिसऱ्या संस्थेशीही जुळवून घ्यावे लागते.

रिॲक्ट नेटिव्ह : पूल गेला, थेट जोडणी आली

फेसबुकने जानेवारी २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्हची घोषणा केली. त्याच वर्षी मार्चमध्ये ते आयफोनसाठी आणि सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी खुले झाले. यात कोड जावास्क्रिप्ट भाषेत लिहिला जातो, मात्र पडद्यावर दिसणारी बटणे, याद्या आणि मजकूर हे त्या-त्या प्रणालीचे मूळ घटक असतात. वेबसाठी जावास्क्रिप्ट लिहिणारे प्रोग्रामर भारतात मोठ्या संख्येने असल्याने हे साधन येथे लवकर रुजले.

त्याचा कच्चा दुवा मात्र मधल्या जोडणीत होता. जावास्क्रिप्टचा भाग आणि फोनच्या मूळ प्रणालीचा भाग एकमेकांशी एका ‘पुला’वरून निरोपांची देवाणघेवाण करीत. प्रत्येक निरोप मजकुरात रूपांतरित होऊन पलीकडे जाई आणि उत्तरासाठी थांबावे लागे. लांबलचक यादी वेगाने सरकवताना रिकामे चौकोन दिसणे, हा त्याचाच परिणाम होता.

नव्या रचनेत हा पूल काढून टाकण्यात आला आहे. जावास्क्रिप्टमधून मूळ प्रणालीतील कार्ये थेट बोलावता येतात. पडदा रेखाटणारा भाग आणि फोनच्या सुविधांना जोडणारे भागही नव्याने लिहिले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ०.७६ या आवृत्तीपासून ही रचना नव्या ॲपसाठी मूलभूत ठरली, तर ऑक्टोबर २०२५ मधील ०.८२ ही आवृत्ती केवळ नव्या रचनेवरच चालते. त्याआधी हर्मिस हे जावास्क्रिप्ट इंजिन २०२२ मध्ये मूलभूत झाले होते. ॲप तयार होतानाच कोडचे रूपांतर करून ठेवल्यामुळे ते फोनवर लवकर उघडते. कमी क्षमतेच्या फोनवर हा फरक विशेष जाणवतो.

साधनाच्या पालकत्वातही बदल झाला आहे. रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह ही दोन्ही मेटाच्या एकट्याच्या ताब्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील स्वतंत्र रिॲक्ट फाउंडेशनकडे सोपवण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. मेटासह ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, एक्स्पो, कॉलस्टॅक, सॉफ्टवेअर मॅन्शन आणि व्हर्सेल यांचा संस्थापक सदस्यांत समावेश आहे.

फ्लटर : स्वतःच रेखाटणारे साधन

गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. हे साधन डार्ट भाषेवर आधारित असून त्याची रीत वेगळी आहे. ते फोनमधील मूळ घटक वापरत नाही. पडद्यावरील प्रत्येक बटण आणि अक्षर ते स्वतः रेखाटते. त्यामुळे दोन्ही प्रणालींवर ॲप अगदी सारखे दिसते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर मांडणी बिघडण्याचा धोका कमी होतो. मात्र रेखाटनाचे इंजिन सोबत न्यावे लागत असल्याने ॲपचा आकार काही मेगाबाइटने वाढतो.

एखादे ॲनिमेशन पहिल्यांदा दिसताना पडदा क्षणभर अडखळणे ही फ्लटरबाबतची जुनी तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून गूगलने इम्पेलर हे नवे रेखाटन इंजिन तयार केले. चित्रणासाठी लागणारे छोटे प्रोग्राम ॲप चालू असताना तयार करण्याऐवजी ते आधीच तयार ठेवले जातात. आयफोनवर मे २०२३ मधील ३.१० या आवृत्तीपासून, तर अँड्रॉइड १० व त्यापुढील फोनवर डिसेंबर २०२४ मधील ३.२७ या आवृत्तीपासून इम्पेलर मूलभूत झाले. दोहोंमधील दीड वर्षाचे अंतर अँड्रॉइड फोनच्या विविधतेची कल्पना देते.

कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म : फक्त मेंदू सामायिक

तिसरा मार्ग तुलनेने नवा आहे. कोटलिन ही जेटब्रेन्स या कंपनीने तयार केलेली भाषा. २०१७ मध्ये गूगलने तिला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये हिशेब, माहितीसाठा आणि सर्व्हरशी होणारा संवाद एकदाच लिहिला जातो आणि पडदे मात्र प्रत्येक प्रणालीच्या पद्धतीने वेगळे ठेवता येतात. हे तंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले आणि मे २०२४ मध्ये गूगलने त्याला अधिकृत पाठिंबा दिला. पडदेही एकदाच लिहू इच्छिणाऱ्यांसाठी कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म आहे. त्याचा आयफोनसाठीचा भाग मे २०२५ मध्ये स्थिर झाला.

आधीच अँड्रॉइड ॲप असलेल्या कंपनीसाठी हा मार्ग सोयीचा ठरतो, कारण जुना कोड फेकून न देता तो टप्प्याटप्प्याने आयफोनकडे नेता येतो. उलट दिशेनेही हालचाल सुरू आहे. ॲपलने जन्म दिलेल्या स्विफ्ट भाषेच्या मुक्त-स्रोत प्रकल्पात अँड्रॉइडसाठी स्वतंत्र कार्यगट २०२५ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्राथमिक साधनसंचही उपलब्ध झाला. मात्र तो तेव्हा प्रायोगिक टप्प्यावर होता.

भारतीय कंपन्यांचा अनुभव

भारतात या तंत्रांची खरी परीक्षा कमी क्षमतेच्या फोनवर आणि खंडित इंटरनेटवर झाली. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणले. ब्राउझरमध्ये उघडणारे, पण ॲपसारखे वागणारे हे वेब ॲप होते. पुढे रिॲक्ट नेटिव्हमधील लांब याद्यांच्या अडचणीवर फ्लिपकार्टच्या अभियंत्यांनी ‘रिसायक्लरलिस्टव्ह्यू’ हा घटक लिहून तो सर्वांसाठी खुला केला. पडद्याबाहेर गेलेल्या ओळी नष्ट न करता त्यांत नवी माहिती भरून त्या पुन्हा वापरणे, हे त्याचे सूत्र आहे. शॉपिफाय या कॅनडातील कंपनीने आपला ‘फ्लॅशलिस्ट’ हा बहुचर्चित घटक सुरुवातीला याच पायावर उभारला. बेंगळुरूच्या गीकीअँट्स या कंपनीचा ‘नेटिव्हबेस’ हा मुक्त-स्रोत घटकसंचही जगभर वापरला गेला.

मुंबईच्या बुकमायशोने वेगळी वाट धरली. कंपनीने आपले मोबाइल संकेतस्थळ वेब ॲपच्या रूपात नव्याने बांधले. गूगलने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याचा आकार ४४० किलोबाइटपेक्षा कमी होता. कंपनीच्या अँड्रॉइड ॲपच्या तुलनेत तो ५४ पटींनी, तर आयफोन ॲपच्या तुलनेत १८० पटींनी लहान होता, आणि खरेदी पूर्ण होण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक वाढले. क्वचित वापरल्या जाणाऱ्या सेवेसाठी ॲप आवश्यकच आहे का, हा प्रश्न या अनुभवाने पुढे आणला. आयफोनवर अशा वेब ॲपना सूचना पाठवण्याची सोय मार्च २०२३ पासून मिळाली. मात्र त्यासाठी वापरकर्त्याने ते आधी होम स्क्रीनवर ठेवलेले असावे लागते.

सप्टेंबर २०१७ मध्ये भारतात ‘तेझ’ या नावाने सुरू झालेल्या गूगल पेचे ॲप पुढे फ्लटरमध्ये नव्याने लिहिण्यात आले. नव्या सुविधा जमेस धरूनही कोड १७ लाख ओळींवरून ११ लाख ओळींवर आला, असे गूगलने म्हटले आहे.

सर्वांचाच अनुभव असा नाही. निवासव्यवस्था पुरवणाऱ्या एअरबीएनबीने २०१६ मध्ये स्वीकारलेले रिॲक्ट नेटिव्ह २०१८ मध्ये सोडले. जुन्या, मूळ भाषांतील मोठ्या ॲपमध्ये नवे साधन जोडल्यामुळे अभियंत्यांना दोनऐवजी तीन तंत्रे सांभाळावी लागत होती. एक कोड असला तरी दोन प्रणालींचे ज्ञान अनावश्यक ठरत नाही, हे त्यातून दिसले.

उपकरण जोडले की अडचण वाढते

कृषिपंपाच्या उपकरणाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. खरेदी किंवा बातम्यांचे ॲप प्रामुख्याने माहिती आणून दाखवते. ते सामायिक कोडमध्ये सहज बसते. उपकरणाशी ब्लूटूथने बोलणारे ॲप मात्र फोनच्या अंतर्गत रचनेला भिडते. अँड्रॉइड ११ पर्यंत जवळचे ब्लूटूथ उपकरण शोधण्यासाठी स्थान-परवानगी मागावी लागत असे. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी स्वतंत्र परवानगी आली. आयफोनवर २०१९ पासून ब्लूटूथसाठी वेगळी संमती घ्यावी लागते. ॲप पडद्याआड गेल्यावर जोडणी किती वेळ टिकेल, याचे नियमही दोन्हीकडे वेगळे आहेत. शिवाय अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआडचे ॲप बंद करतात.

या कामासाठी तयार पॅकेज मिळतात. परंतु ती बहुधा एखाद्या व्यक्तीने किंवा लहान गटाने स्वेच्छेने चालवलेली असतात. अडचण आल्यास मूळ भाषेत कोड लिहिता येणारी व्यक्ती कंपनीत असावी लागते. आयफोन ॲप तयार करण्यासाठी ॲपलचा मॅक संगणक किंवा तशी भाड्याची सेवा लागते. संगणकावरील आभासी आयफोनमध्ये ब्लूटूथ चालत नसल्याने चाचणीसाठी प्रत्यक्ष फोनही हवा. त्यामुळे ‘एक कोड म्हणजे निम्मा खर्च’ हा हिशेब उपकरणाशी जोडलेल्या ॲपला लागू पडत नाही.

मराठी आणि कन्नड अक्षरांची कसोटी

भारतीय भाषांतील ॲपसाठी आणखी एक तपासणी आवश्यक असते. देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि रफार ओळीच्या वर जातात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहिला जातो. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या बटणात ही चिन्हे कापली जातात. वापरकर्त्याने फोनमधील अक्षरांचा आकार वाढवला की हा दोष अधिक ठळक होतो. रिॲक्ट नेटिव्हमध्ये मजकूर फोनची मूळ प्रणाली मांडते, तर फ्लटर तो स्वतः मांडते. त्यामुळे चाचणीत वेगवेगळे दोष आढळू शकतात. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. योग्य फाँट असेल आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये सांगितले असेल, तरच ती पडद्यावर उमटतात.

अंकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जगभरातील सॉफ्टवेअर ज्या भाषाविषयक माहितीकोशावर विसंबते, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत मानले आहेत. हिंदी आणि कन्नडसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंक. परिणामी तेच ॲप मराठीत वीजवापर ‘१,२५,०००’ असा दाखवते. ते वाचकाला सोयीचे असते. मात्र तोच मजकूर हिशेबासाठी सर्व्हरकडे परत पाठवला, तर पलीकडचा प्रोग्राम तो संख्या म्हणून ओळखेलच असे नाही. दाखवण्याची संख्या आणि साठवण्याची संख्या वेगळी ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

ॲप प्रसिद्ध झाल्यानंतरचा खर्च

गूगलच्या प्ले स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक नावाने खाते उघडणाऱ्यांना गूगलवर ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी सलग १४ दिवस चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी किमान २० परीक्षक लागत. डिसेंबर २०२४ पासून ही संख्या १२ झाली. ही रक्कम आणि हे श्रम किरकोळ आहेत. खरा भार नंतर येणाऱ्या नियमबदलांचा असतो.

गूगल दरवर्षी ॲपना नव्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळवून घेण्यास सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्त्यांसाठीच्या ॲपना १६ किलोबाइटच्या स्मृतिपृष्ठांवर चालण्याची अट लागू झाली. ॲपमधील यंत्रभाषेतील प्रत्येक घटक त्यासाठी नव्याने तयार करावा लागतो. एखादे पॅकेज सोडून दिलेले असेल तर ते बदलणे किंवा स्वतः दुरुस्त करणे, हेच पर्याय उरतात. ॲपलनेही मे २०२४ पासून ठरावीक बाह्य घटकांसाठी गोपनीयतेचे विवरण बंधनकारक केले आहे.

पूरक सेवाही बंद होतात. रिॲक्ट नेटिव्हच्या ॲपमध्ये स्टोअरच्या मंजुरीची वाट न पाहता लहान दुरुस्त्या थेट पोहोचवणारी मायक्रोसॉफ्टची कोडपुश सेवा अनेक स्टार्टअप वापरत होत्या. ती ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. एक्स्पोसारख्या पर्यायांकडे किंवा स्वतःच्या सर्व्हरवरील व्यवस्थेकडे त्यांना वळावे लागले.

कायद्याची बाजूही आता महत्त्वाची झाली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होणार आहेत. ॲपमध्ये घेतलेले एखादे बाह्य पॅकेज वापरकर्त्याची माहिती गोळा करीत असेल, तरी उत्तर ॲप चालवणाऱ्या कंपनीलाच द्यावे लागेल.

निवड करताना

सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण प्रश्नांचा क्रम ठरवता येतो. पहिला प्रश्न, दोन्ही प्रणाली पहिल्याच दिवशी हव्यात का? भारतातील दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. ग्राहक प्रामुख्याने शेतकरी, कारागीर किंवा लहान दुकानदार असतील तर आधी केवळ अँड्रॉइड ॲप आणि इतरांसाठी वेबपान, ही सुरुवात पुरेशी ठरू शकते. असे ॲप कोटलिनमध्ये लिहिले असल्यास पुढे आयफोनकडे जाण्याचा मार्गही खुला राहतो.

दुसरा प्रश्न, हाताशी असलेल्या प्रोग्रामरांना काय येते? वेबचा अनुभव असल्यास रिॲक्ट नेटिव्ह, अँड्रॉइडचा असल्यास कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, आणि पाटी कोरी असून दोन्हीकडे एकसारखे रूप हवे असल्यास फ्लटर, असा ढोबळ आडाखा बांधता येतो. एकमेव जाणकार नोकरी सोडून गेला तर त्याच शहरात दुसरा मिळेल का, हेही पाहावे लागते. म्हैसूर, कोल्हापूर किंवा नाशिकसारख्या शहरांत हा मुद्दा तांत्रिक गुणांइतकाच वजनदार ठरतो.

तिसरा प्रश्न पॅकेजांचा. प्रत्येक बाह्य पॅकेजची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, ते किती जण सांभाळतात आणि ते बंद पडल्यास त्याचे काम स्वतः करता येईल का, हे आधीच तपासणे शहाणपणाचे ठरते. हिशेबाचे नियम, उपकरणाशी संवाद आणि पडदे यांचा कोड सुरुवातीपासून वेगळा ठेवल्यास साधन बदलावे लागले तरी संपूर्ण ॲप नव्याने लिहिण्याची वेळ येत नाही.

पंपाचे मोजमाप करणारे उपकरण शेतात आठ-दहा वर्षे टिकावे अशी ग्राहकाची अपेक्षा असते. फोनगॅपच्या ॲपकर्त्यांना आणि झॅमरिनच्या वापरकर्त्यांना साधनाने तेवढी साथ दिली नाही. नव्या साधनांनी वेगाचा प्रश्न सोडवला आणि त्यांपैकी काहींचे पालकत्व अनेक कंपन्यांत वाटले गेले, ही जमेची बाजू आहे. मात्र ॲप सुरू झाल्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी दुरुस्तीचा वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढणाऱ्या कंपनीलाच एका कोडचा लाभ पुरेपूर मिळतो.